सिंकखालचं कचरा दळणारं यंत्र : आत्ता घ्यावं का?

लातूरहून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलंय. स्वतःचं रो-हाउस, घरात पाच माणसं, दिवाळीआधी स्वयंपाकघराचं काम काढलंय. पुण्यात जावेच्या फ्लॅटमध्ये सिंकखाली ओला कचरा दळणारं यंत्र पाहिलं, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. दुकानदारानं यंत्राचे २४,००० आणि बसवायचे ३,५०० सांगितलेत, यंत्राची रक्कम बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर. घंटागाडी दोन-तीन दिवसांआड येते, सासूबाईंना गुडघ्यांमुळे बादली उचलवत नाही, उन्हाळ्यात वास सुटतो. घरामागे सेप्टिक टँक आहे, दर तीन वर्षांनी उपसायला २,५०० लागतात. एप्रिल-मेमध्ये ५,००० लिटरचा टँकर ७०० रुपयांना घ्यावा लागतो. अडीअडचणीसाठी बँकेत ४०,००० आहेत. मुलगी अकरावीत, नीटचा क्लास लावलाय. यजमान म्हणतात, लाइट बिल आणि पाणी दोन्ही वाढेल, नसते थेर. घेऊ का?

ताई, नमस्कार. आत्ता घेऊ नका. पण पुढे घ्यावंसं वाटलं तर ओटा फोडावा लागणार नाही एवढी सोय मात्र आत्ताच करून ठेवा.

आधी यजमानांच्या शंकेचं बघू. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर दिवसाला तीन मिनिटं चालली, तर महिन्याला युनिटभरही वीज लागत नाही. पाण्याचं थोडं वेगळं आहे. दळताना थंड पाण्याची धार सुरू ठेवावी लागते आणि बटण बंद केल्यावरही काही सेकंद तशीच सोडावी लागते. दिवसाला १५ लिटर धरा. टँकरच्या भावानं महिन्याला ६०-६५ रुपये, तेही फक्त उन्हाळ्यात. रुपयांत ही रक्कम किरकोळ आहे. पण १५ लिटर म्हणजे एका माणसाच्या अंघोळीची बादली, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तुमच्या गावानं पाहिलंय. तेव्हा मे महिन्यात हे यंत्र तुम्ही स्वतःच बंद ठेवाल, असा माझा अंदाज आहे.

खरी अडचण सेप्टिक टँकची. दळलेला कचरा नाहीसा होत नाही, तो टाकीत जाऊन बसतो. तळाचा गाळ आणि वरचा तेलकट थर दोन्ही लवकर वाढतात. समजा टाकी तीनऐवजी दोन वर्षांनी उपसावी लागली, तर वर्षाला चारशेच्या आसपास जास्त जातील. हेही परवडेल. पण गाळ वेळेवर उपसला नाही आणि तो टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यात उतरला, तर खड्डा तुंबतो, आणि मग अंगण खणण्याचं काम निघतं. जावेच्या इमारतीत मैलापाणी शुद्धीकरणाची सोय आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तिच्या आणि तुमच्या घरातला फरक तिथेच आहे. ड्रेनेज लाइन असलेल्या शहरांनाही या यंत्रांची धास्ती वाटत आलीय. न्यूयॉर्कच्या बऱ्याच भागात १९९७ पर्यंत ती लावायला मनाई होती.

सगळ्यात जास्त विचार कशाचा करा, तर तुमच्या बादलीत नक्की काय पडतं याचा. या यंत्रात मिक्सरसारखी पाती नसतात. फिरत्या तबकडीवरचे ठोकळे कचरा कडेच्या खरखरीत कड्यावर आपटतात आणि तो बारीक होतो. भाजीचे तुकडे, फळांच्या मऊ साली, ताटातलं उरलंसुरलं ते सहज दळतं. पण मेथीच्या काड्या, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याची पानं यांचे दोरे गुंडाळले जातात. आंब्याच्या कोयी आणि चिंचोके घालायचेच नाहीत. कांद्याचा वाळका पापुद्रा चिकटून बसतो. भात फुगतो, कणकेचा लगदा नळीत घट्ट होतो, फोडणीचं तेल थंड होऊन थर धरतं. शिळी भाकरी तर तुम्ही गाईलाच घालत असाल. म्हणजे हिवाळ्यात पालेभाज्यांचे ढीग आणि उन्हाळ्यात कोयी, असा जो कचरा जास्त निघतो, नेमका तोच यंत्राबाहेर राहतो. यंत्र घेतलं तरी बादली राहणार, घंटागाडीची वाटही बघावी लागणार.

म्हणून पैसे मोजण्याआधी आठवडाभर दोन बादल्या ठेवा. यंत्रात चालेल ते एकीत, चालणार नाही ते दुसरीत. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. पहिल्या बादलीचं वजन एकूण वजनाच्या निम्म्याहून कमी भरलं, तर हा विषय तिथेच मिटला.

आता हप्त्यांचं. बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देतो, हा ‘नो कॉस्ट’चा हिशेब. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्याकडूनच घेतला जातो, वर बहुतेक ठिकाणी प्रोसेसिंग फी. व्याज १५ टक्के आणि फी दोनशेच्या आसपास धरली, तर २४,००० वर साडेपाचशेच्या घरात जातात. रोखीनं घेतल्यावर मिळू शकणारी सवलत हुकते ती वेगळीच. मला जास्त खटकतात ते बँकेतले ४०,०००. घरकर्जाचा हप्ता, किराणा आणि क्लासची फी धरली तर ते तुमचे दोन महिनेही काढणार नाहीत. आणि घराचं काम सांगितलेल्या आकड्यात कधी संपतं का? गवंडी, सुतार, ग्रॅनाइटवाला मिळून तुमच्या अंदाजपत्रकावर २०-२५ हजार सहज चढवतील. तेव्हा हात याच पैशांना लागणार.

सासूबाईंच्या गुडघ्यांवरही उपाय हवाच, ते यजमानांना सांगा. कंबरेच्या उंचीच्या कट्ट्यावर कंपोस्टचे दोन डबे ठेवा. तीनेक हजारांत होतील, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कल्चरला (कचरा कुजवणारं विरजण) महिन्याला दीडशे धरा. वरचा थर कोरडा ठेवला तर वास येत नाही. कोयी आणि जाड काड्या तिथेही लवकर कुजत नाहीत, पण त्या सुक्या झाल्या की चार दिवस पडून राहिल्या तरी त्रास नाही. रोज कोकोपीट टाकण्याचं काम कोण करणार, हे मात्र आधी घरात ठरवा. ते सूनबाईंवरच, म्हणजे तुमच्यावरच पडणार असेल, तर यंत्राचा हट्ट मला समजतो.

सुतार-प्लंबर घरात आहेत तोवर तीन गोष्टी करून घ्या. सिंक ९० मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंची तोंडाचं घ्या, कारण यंत्रं साधारण त्याच मापाला बसतात. सिंकखाली अर्थिंगसह पॉइंट काढा, त्याचं बटण वर ओट्याजवळ. आणि तिथली ट्रॉली अशी बसवा की यंत्रापुरती उभी जागा मोकळी राहील. हे काम चालू असताना थोडक्यात होतं.

पुढे तुमच्या गल्लीत ड्रेनेज आलं, गंगाजळी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी झाली, तर खुशाल घ्या. तेव्हा इंडक्शन मोटर आणि आतले भाग स्टेनलेस स्टीलचे आहेत ना, हे बघा. दुरुस्तीचा माणूस लातुरातलाच आहे की पुण्याहून येणार आणि त्याच्या फेरीचे किती, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.