स्पीकरच्या आवाजाचा स्वभाव कसा ओळखावा?

प्रश्न : होम थिएटरचे स्पीकर दुकानात ऐकताना नेमके काय तपासावे?

उत्तर : दोन संचांची तुलना करताना आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्यावी, कारण एखाद्या डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कानाला उगाच सरस वाटतो (आणि विक्रेते हे पुरते जाणून असतात). स्फोटांच्या दृश्यांऐवजी ओळखीचा मानवी आवाज ऐकावा. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, त्यामुळे ते पेटीतून किंवा नाकातून आल्यासारखे वाटले, तर दोष लगेच उघडा पडतो. तेच संवाद सोफ्याच्या टोकाला बसूनही ऐकावेत, कारण आडव्या मांडणीच्या (म्हणजे आतले ध्वनिघटक शेजारी-शेजारी बसवलेल्या) अनेक मधल्या स्पीकरांच्या आवाजाचा पोत बाजूने ऐकताना बदलतो. खर्जाविषयी मात्र दुकानात मत बनवू नये. साधारण ८० हर्ट्झखालचा भाग बहुधा सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरकडे, असतो आणि तो खोलीच्या भिंती-कोपऱ्यांनुसार पालटतो.