'रिकॉइललेस रायफल'ला मराठीत काय म्हणावे?

परमवीर अब्दुल हमीद यांच्यावर शाळेच्या भित्तिपत्रकात मजकूर लिहिणाऱ्या साताऱ्यातील एका शिक्षकांनी विचारले आहे की, 'रिकॉइललेस रायफल'साठी 'अचूक नेमाची तोफ' असा शब्द योजला तर चालेल का. धक्का बसत नाही म्हणजे नेम हलत नाही, असा त्यांचा तर्क आहे. माझ्या मते 'धक्कारहित तोफ' म्हणावे आणि 'अचूक' हे विशेषण नावात आणू नये, कारण या शस्त्राची अचूकता धक्का नसण्यातून आलेली नाही.

गोळा पुढे सुटतो तेव्हा तोफ मागे ढकलली जाते, आणि तो धक्का सोसण्यासाठी नेहमीच्या तोफेला अवजड गाडा लागतो. या शस्त्रात नळीची मागची बाजू मोकळी असते. अब्दुल हमीद यांनी वापरलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेच्या काडतुसाच्या पोलादी कवचाला चाळणीसारखी भोके असतात, त्यांतून जळत्या दारूचा वायू मागे उसळतो आणि गोळ्याचा पुढचा जोर व वायूचा मागचा जोर एकमेकांना तोलतात. म्हणूनच ही तोफ सुमारे दोनशे किलोंत बसते आणि जीपवर चढवता येते. 'धक्कारहित' हा शब्द सांगतो तो हा हलकेपणा.

नेमाच्या बाबतीत उलट अडचणच होते. दारूचा मोठा भाग मागे खर्ची पडल्याने गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे पाचशे मीटर एवढाच राहतो, त्याचा मार्ग अधिक वाकतो आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळा रणगाड्याच्या वरून जातो किंवा अलीकडे पडतो. त्यावर उपाय म्हणून नळीवर १२.७ मिलिमीटरची एक छोटी रायफल बसवलेली असते. तिच्या गोळीचा मार्ग मोठ्या गोळ्याशी जुळता ठेवलेला असतो. ती गोळी लक्ष्यावर लागून धुराचा ठिपका दिसला की मुख्य गोळा सोडायचा. साधारण किलोमीटरभर अंतरापर्यंत मिळणारी अचूकता ही या योजनेची आणि तोफचीच्या सरावाची कमाई आहे.

मागे उसळणाऱ्या वायूमुळे आग आणि धूळ उडते, तोफेच्या मागे उभ्या असलेल्याच्या जिवाला धोका असतो आणि शत्रूला जागा कळते. त्यामुळे गोळा डागून लगेच जागा बदलणे हीच तिची युद्धरीत ठरली. भारत-पाक युद्धात १० सप्टेंबर १९६५ रोजी पंजाबमधील खेमकरण क्षेत्रात '४ ग्रेनेडियर्स' या पलटणीच्या अब्दुल हमीद यांनी नेमके हेच केले. त्यांच्या मानपत्रात, बगलेवर जाऊन पुढचा रणगाडा निकामी केल्यावर त्यांनी झटपट जागा बदलून दुसरा पेटवल्याचा उल्लेख आहे. त्यानंतर त्यांची जीप शत्रूच्या नजरेस पडली, तरीही ते आणखी एका रणगाड्यावर मारा करत राहिले आणि त्यातच त्यांना वीरमरण आले.

'रायफल' हा शब्द नळीच्या आतील सर्पिल खाचांमुळे आला आहे. परंतु मराठी वाचकाला त्यातून खांद्यावरची बंदूक दिसते, म्हणून मी 'तोफ' पसंत करतो. 'रॉकेट लाँचर' मात्र इथे चुकीचे आहे, कारण या तोफेचा गोळा आपला सगळा वेग नळीतच मिळवतो. हा घोटाळा ८४ मिलिमीटरच्या कार्ल गुस्ताफमुळे वाढला असावा. ती खांद्यावरून डागतात आणि तिच्या काही गोळ्यांना नळीबाहेर पडल्यावर चालू होणारी लहान रॉकेट मोटर असते, तरी मूळ जात धक्कारहित शस्त्राचीच.

अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतील माजी सैनिकांशी बोलताना 'आरसीएल' ('रिकॉइललेस'चे लघुरूप) म्हटले की पुरते, आणि त्यांच्या आठवणी लिहून घेताना तोच शब्द ठेवावा. भित्तिपत्रकात पहिल्यांदा 'जीपवरील धक्कारहित तोफ (आरसीएल)' असे लिहून पुढे नुसते 'तोफ' वापरावे.