खोली घेण्याआधी एकदा भर पावसात जाऊन ये

तू लिहिलंयस की गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपनीत नोकरी लागली, एक ऑगस्टला हजर व्हायचंय आणि एकटीसाठी एकच खोली हवीय, तिथेच पलंग, तिथेच ओटा. दोन जागा पाहिल्यास. एक नुवेंत, जुन्या घराच्या मागच्या अंगाची. दुसरी माजोर्ड्याला, समुद्राजवळ, नवा रंग दिलेली आणि चक्क नुवेंपेक्षा स्वस्त. बाबा म्हणतात माजोर्ड्याची घे, आणि तू विचारतेयस की भाड्याशिवाय आणखी काय काय बघायचं असतं.

तू कुडाळची, मी सावंतवाडीची. १९९९ साली मी अशीच एक बॅग घेऊन मडगावला उतरले आणि स्वतःचं घर होईपर्यंत पाच खोल्या बदलल्या. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून मोकळेपणाने आणि जरा लांबलचक लिहिते.

आधी माजोर्ड्याची स्वस्ताई. आत्ता जुलै चालू आहे. किनारपट्टीवर या दिवसांत पर्यटक नसतो, खोल्या रिकाम्या असतात, म्हणून पडेल त्या भाड्याला देतात. ऑक्टोबर लागला की सीझन सुरू होतो आणि तीच खोली दिवसाच्या हिशोबाने जाते. नाताळ आणि नव्या वर्षाच्या आठवड्यात तर एका रात्रीला जे मिळतं ते ऐकून तुला भाड्याची कीव येईल. माझी दुसरी खोली अशीच समुद्राजवळ होती. जूनमध्ये घेतली, पडदे शिवले, खिडकीत तुळस लावली. नवरात्रात घरमालकीण दारात येऊन म्हणाली, नेहमीचं गिऱ्हाईक येतंय, पंधरा दिवसांत रिकामी कर. कागद काहीच नव्हता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. दसऱ्याच्या दिवशी मी रिक्षात सामान भरत होते. तेव्हा माजोर्ड्याच्या मालकाला सरळ तोंडावर विचार: डिसेंबरात ही खोली माझ्याकडेच असेल ना? तो हो म्हणाला तर म्हण, मग अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करूया. ‘तीन महिने राहा, पुढचं पुढे बघू’ असं उत्तर आलं, तर ती खोली तुझ्यासाठी नाही. भाडं निम्मं असलं तरी नाही.

अकरा महिनेच का, हे बाबा विचारतील. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून सगळे अकरा महिन्यांवर थांबतात. त्यात गोव्यातला मालक जरा जास्तच जपून असतो. इथे १९७५ चा मुंडकार कायदा आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर करून राहणाऱ्याला त्या कायद्याने हुसकावण्यापासून संरक्षण दिलं. तुझ्या भाड्याच्या खोलीशी त्याचा काही संबंध नाही, पण घर एकदा दिलं की परत मिळत नाही ही धास्ती जुन्या लोकांच्या मनात पक्की बसलीय. म्हणून कोणी कागदाबद्दल फार चिकित्सा केली तर वाईट वाटून घेऊ नकोस. उलट कागद मागणारा मालक मला बरा वाटतो. भाडेकरूची माहिती पोलिस स्टेशनला द्यावी लागते, तो फॉर्मही त्याच्याकडून भरून घे आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेव.

खोली देणारा खरंच मालक आहे का, हेही बघ. इथली जुनी घरं बहुतेक वेळा एकट्याची नसतात. गोव्याच्या नागरी कायद्यात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि वडिलोपार्जित घरात भावंडांचे वाटे असतात, त्यातला एखादा मुंबईला, एखादा आखातात. तू भाडं एकाला देतेस आणि मे महिन्यात सुट्टीला आलेला दुसरा विचारतो, तू कोण? वीजबिल आणि पंचायतीची घरपट्टीची पावती दाखवा म्हण. दोन्हींवरचं नाव आणि ॲग्रीमेंटवरचं नाव जुळायला हवं. नवरा-बायको दोघं असतील तर दोघांच्या सह्या घे. घरपट्टीच नसेल, घराला नंबरच नसेल आणि वीज शेजारून ओढलेली असेल, तर तिथून उठून ये.

आता ओल. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण गोव्यात खोली कशाने वाईट ठरत असेल तर ओलीने. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आणि चिरा सच्छिद्र असतो, पाणी पिऊन बसतो. तू नशीबवान आहेस की जुलैत बघतेयस. मे महिन्यात प्रत्येक खोली कोरडीच दिसते.

माझ्या तिसऱ्या खोलीत कपाट आधीपासून भिंतीला टेकलेलं होतं. मीही हलवलं नाही. ऑगस्टमध्ये कपड्यांना कुबट वास यायला लागला तसं ते ओढून बघितलं. मागची भिंत छातीएवढ्या उंचीपर्यंत काळी, मखमलीसारखी बुरशी. कपाटाचा मागचा प्लाय फुगून सुटला होता. खालच्या खणात माझी फाईल होती. बी.कॉम.ची मार्कशीट प्लास्टिकच्या कव्हराला अशी चिकटली होती की सोडवताना शाई प्लास्टिकवर राहिली आणि कागद माझ्या हातात. विद्यापीठातून दुय्यम प्रत काढायला दोन खेपा घालाव्या लागल्या.

म्हणून पलंग असो, कपाट असो, पुढे ओढायला लाव आणि मागची भिंत बघ. तळहात भिंतीवर दहा सेकंद दाबून ठेव, गार आणि दमट लागतं का. डाग कुठे आहे त्यावरून ओल कुठून येते ते कळतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा, रंगाचे पोपडे आणि त्यावर मिठासारखा पांढरा लोणा असेल तर ओल जमिनीतून चढतेय. ती रंगाने जात नाही, दरवर्षी येणार. वरच्या कोपऱ्यात पिवळट तपकिरी नकाशा असेल तर स्लॅब किंवा कौलं गळतायत. हे मालकाने मनावर घेतलं तर दुरुस्त होतं, फक्त ‘करून देतो’ वर विसंबू नकोस, करून झाल्यावर पैसे दे. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर डाग असेल तर आतली पाइप फुटलेली असू शकते. आणि भर पावसाळ्यात एकाच भिंतीला ताजा रंग, किंवा आत शिरताच फिनेल-अगरबत्तीचा घमघमाट असेल तर तीच भिंत नीट बघ. माजोर्ड्याचा तो नवा रंग मला याच कारणाने खुपतोय.

खिडकी एकच असेल तर निदान दाराच्या समोर असावी, वारा आरपार गेला पाहिजे. नुवेंच्या खोलीवर मंगळुरी कौलं असतील तर खाली फळ्यांचं किंवा पत्र्याचं छत आहे का आणि त्यावर उंदीर धावतात का, हे शेजाऱ्याला विचार, मालकाला नको. छपरावर माड किंवा फणस ओणवा झालेला नाही ना, तेही.

पाण्याचं थोडक्यात सांगते. दक्षिण गोव्याला मुख्यतः साळावली धरणाचं पाणी येतं, पण नळाला ते कधी आणि किती येतं हे वाड्यावाड्यावर ठरतं. नळ किती वाजता येतो, वर टाकी किती लिटरची, ती किती जणांत, आणि पंप चालू करायची चावी कोणाकडे, एवढं विचार. नुसती विहीर असेल तर सेप्टिक टँक तिच्यापासून किती लांब आहे ते डोळ्यांनी बघ. इथे बहुतेक घरांना सेप्टिक टँक आणि सोकपिट, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डाच असतो, पावसात जमीन भरली की सोकपिट पाणी घेत नाही आणि संडास तुंबतो. बाथरूममध्ये एक बादली पाणी ओत आणि उभी राहून बघ. पाणी जाळीकडे गेलं पाहिजे, दाराकडे नाही. मग फ्लश करून बघ.

विजेला मात्र घाई करू नकोस. माझ्या चौथ्या खोलीत बाथरूमबाहेरचा स्विच ओल्या भिंतीवर होता. पहिल्याच पावसाळ्यात आंघोळ करून बाहेर आले, हात लावला आणि असा झटका बसला की मागे फेकली गेले. मालकाने येऊन स्विच पुसला आणि म्हणाला, कोरडा हात लावत जा. तेव्हापासून मी मेन बोर्ड उघडून बघितल्याशिवाय खोली घेतली नाही. त्यात ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असलेला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असायला हवा. बटण दाबलं की लाइट खटकन गेली पाहिजे. गेली नाही किंवा ते यंत्रच नाही, तर ते बसवून मिळेपर्यंत हो म्हणू नकोस. अर्थिंग बघायला ओळखीचा वायरमन घेऊन जा, त्याला दोन-तीनशे रुपये द्यावे लागले तरी हरकत नाही.

मीटर वेगळा आहे का? गोव्यात वीज सरकारी खात्याची, घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. मालकाचं घर आणि चार खोल्या मिळून एकच मीटर असला की सगळ्यांचे युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि सबमीटरवर तुझ्याकडून तोच वरचा दर घेतात. कधी जोडणीच व्यापारी दराची असते. म्हणून दर युनिटला किती घेणार ते आधी ठरव, मागचं बिल माग, आणि राहायला जाशील त्या दिवशी सबमीटरच्या आकड्याचा फोटो काढ.

ओटा आणि पलंग एकाच खोलीत, म्हणून गॅसचं मनापासून सांगते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि तू पलंगावर त्याच उंचीवर झोपलेली असतेस. दाराखाली फट किंवा खाली झरोका हवा. सिलिंडर उभाच ठेव, रात्री रेग्युलेटर बंद कर. एकटीला पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो, तो ओळखपत्रावर मिळतो. बाथरूममध्ये गॅस गिझर बसवलेला दिसला तर तो वापरणार नाही असं सांगून टाक. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडतो आणि दार आतून लावलेलं असतं. बादलीत बुडवायची साधी विजेची कॉइलही नको. विजेचा गिझर देत असतील तर बरं, नाहीतर गॅसवर पातेलं तापव.

एकदा रात्री आठनंतर जाऊन ये, बाबांना घेऊन. मुख्य रस्त्यापासून दारापर्यंत दिवे आहेत का, कुत्री किती, वाटेत बार आहे का. इथे आतल्या गावांतल्या बस संध्याकाळनंतर विरळ होतात आणि रात्री मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवालाही, सगळीकडे मिळत नाही. कंपनीची बस कुठे थांबते हे एचआरला विचार आणि त्या थांब्यापासून दोन्ही खोल्यांपर्यंत स्वतः चालून बघ. नुवें हायवेवर आहे, सेकंड शिफ्ट सुटल्यावर हा फरक तुला कळेल. खोलीत पलंगावर बसून फोन लावून बघ, चिऱ्याच्या जाड भिंतीत रेंज जाते. दाराला आतून कडी आणि बाहेरून तुझं स्वतःचं कुलूप हवं. बाथरूम सामाईक असेल तर किती जणांत आणि त्यात पुरुष किती, हे विचारायला लाजू नकोस. आई राहायला आली तर चालेल का, मासे तळले तर चालतील का, तेही आधीच.

पैशाचं एवढंच. खोली न बघता टोकन पाठवू नकोस, कितीही गोड बोलत असले तरी. डिपॉझिट यूपीआयने दे आणि ‘डिपॉझिट’ असं लिहूनच दे. ॲग्रीमेंटमध्ये रक्कम, सोडल्यावर किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार की नाही, आणि दोघांसाठी एक महिन्याची नोटीस हे येऊ दे. चावी हातात आल्यावर सामान आत न्यायच्या आधी खोलीचा व्हिडिओ काढ, प्रत्येक डाग, फुटकी फरशी, खिडकीची तुटकी कडी, आणि तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठव. पाचव्या खोलीचं माझं पूर्ण डिपॉझिट अशा फोटोंमुळेच परत आलं.

माझं मत विचारशील तर नुवें, पण मागची भिंत कोरडी असेल तरच. या रविवारी जा, पाऊस असला तर उत्तमच, छत्री घेऊन जा. तिथल्या घरमालकीण आंटीला सांगून कपाट ओढून घे आणि डाग दिसला तर जमिनीपासून छतापर्यंत सगळी भिंत येईल असा फोटो काढून टाक. ओल कुठून येतेय ते मी बघून सांगते.