वाचकांचे प्रश्न : आफ्रिकेतला संशोधन-डेटा खुला करताना

आफ्रिकी देशांत किंवा तिथल्या संस्थांबरोबर संशोधन करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. इथिओपियाने 2019 मध्ये संशोधन सगळ्यांना मोफत वाचता यावं म्हणून मुक्त प्रवेशाचं (ओपन ॲक्सेस) राष्ट्रीय धोरण केलं, युनेस्कोची मुक्त विज्ञानाची (ओपन सायन्स) शिफारस नोव्हेंबर 2021 मध्ये मंजूर झाली. कागदावर बरंच काही ठरलं आहे. प्रत्यक्षात काम अडतं ते संमतीपत्रात, तारखांच्या रकान्यात आणि श्रेय कुणाला द्यायचं या प्रश्नावर.

केनियातल्या आरोग्य-सर्वेक्षणावर मी काम करते. प्रकल्प संपताच डेटा खुला करायची अट निधी देणाऱ्यांनी घातली आहे. मुलाखती झाल्या, नावं काढून टाकली. आता फाईल सरळ झेनोडोवर, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवण्याच्या संकेतस्थळावर, चढवली तर चालेल का?

लगेच चढवू नका. आधी संमतीपत्र पुन्हा वाचा. ‘तुमची माहिती फक्त या अभ्यासासाठी वापरू’ असं वाक्य त्यात असेल, तर निधी देणाऱ्यांची अट त्याच्यावर मात करू शकत नाही. मग एथिक्स कमिटीकडे जाऊन दुरुस्ती मागायची, शक्य असेल तर लोकांकडे परत जायचं. तेही जमत नसेल तर फक्त एकत्रित तक्ते, प्रश्नावली आणि मेटाडेटा (डेटाचं वर्णन करणारी माहिती) खुला करायचा. पुढच्या अभ्यासात सहभागाची संमती आणि डेटा इतरांना देण्याची संमती अशा दोन वेगळ्या चौकटी ठेवा. कुणी पहिलीला हो आणि दुसरीला नाही म्हटलं, तर ते उत्तर फाईलमध्ये वेगळ्या रकान्यात नोंदवा. नाहीतर वर्षभराने ती ओळ वेगळी काढता येत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. केनियाच्या 2019 च्या डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याची माहिती संवेदनशील मानली आहे. ती देशाबाहेर पाठवायची तर व्यक्तीची संमती लागते आणि सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था आहे याची खात्री लागते. झेनोडोचे सर्व्हर जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये आहेत, म्हणजे तिथे चढवणं हेच देशाबाहेर पाठवणं झालं. ओळख खरोखर पुसलेली असेल तरच ही अडचण सुटते.

आणि नाव काढल्याने ओळख पुसली जात नाही. लहान गावात ‘स्त्री, 43 वर्षं, शिक्षिका, सहा मुलं’ एवढ्यावर शेजारी माणूस ओळखतात. वय पाच-पाच वर्षांच्या गटांत बांधा, फार मोठी वयं एका गटात घाला, गावाऐवजी काउंटी (केनियातला जिल्ह्यासारखा विभाग) लिहा, मुलाखतीची नेमकी तारीख काढून फक्त महिना ठेवा. मग उरलेल्या रकान्यांच्या जोड्या लावून पाहा. एखाद्या जोडीत पाचांपेक्षा कमी माणसं येत असतील, तर गट आणखी मोठे करावे लागतील. मोकळ्या उत्तरांचे रकाने तर हाताने वाचावेच लागतात, कारण दवाखान्याचं नाव, नवऱ्याचं नाव तिथेच लपलेलं असतं.

जीपीएसचे आकडे जसेच्या तसे कधीच देऊ नका. डीएचएस, म्हणजे अनेक देशांत होणाऱ्या लोकसंख्या आणि आरोग्य सर्वेक्षणांची पद्धत उपयोगी आहे: प्रत्येक घराऐवजी वस्तीच्या गटाचा एकच बिंदू, आणि तोही मुद्दाम हलवलेला. शहरी भागात 2 किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात 5 किलोमीटरपर्यंत, आणि ग्रामीण गटांपैकी 1 टक्का 10 किलोमीटरपर्यंत. बिंदू हलवलेत हे सोबतच्या टिपणात लिहा, नाहीतर कुणीतरी त्यावरून दवाखान्याचं अंतर मोजायला बसेल.

एवढं करूनही शंका उरली, तर मेटाडेटा खुला ठेवा आणि फाईल अर्ज केल्यावर द्या. मुक्त विज्ञानात हेही बसतं.

इथिओपिया, केनिया आणि घानाच्या फायली एकत्र केल्या, तर निम्म्या तारखा चुकीच्या दिसतात. दोष एक्सेलचा की भरणाऱ्यांचा?

भरणाऱ्यांचा बहुधा नाही. इथिओपियाचं स्वतःचं पंचांग आहे: 30 दिवसांचे 12 महिने आणि पागुमे नावाचा 5 किंवा 6 दिवसांचा तेरावा महिना. वर्ष 11 सप्टेंबरला सुरू होतं, पुढचं इंग्रजी वर्ष लीप असेल तर 12 सप्टेंबरला. तिथलं 2016 साल 12 सप्टेंबर 2023 ला लागलं. म्हणून वर्षातला फरक सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत 7 आणि पुढे 8 असतो. सरसकट 8 मिळवलेत तर वर्षाचे पहिले महिने एक वर्ष पुढे जातात.

एक्सेल काय करतं पाहा. दुसऱ्या महिन्याची 30 तारीख तिथे अगदी योग्य, पण एक्सेलला 30 फेब्रुवारी मान्य नाही, म्हणून तो कप्पा मजकूर होऊन पडतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे 5/13, पागुमेची पाचवी तारीख. अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर ती गुपचूप 13 मे होते, आणि चूक झाल्याचं कुठेही दिसत नाही. म्हणून फाईल उघडताना तारखेचा रकाना मजकूर म्हणूनच आत घ्या. मूळ रकान्याला हात लावू नका. शेजारी 2023-09-12 अशा क्रमाने नवा रकाना करा आणि रूपांतर कशाने केलं ते टिपणात लिहा.

वेळेचंही तसंच. इथिओपियात आणि स्वाहिली बोलणाऱ्या भागात तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळी 7 ला ‘एक वाजला’ म्हणतात. डास पकडण्याच्या नोंदींत हा सहा तासांचा फरक निष्कर्षच बदलतो. नोंदवहीत कोणतं घड्याळ धरलं होतं, हे नोंद करणाऱ्यालाच विचारा. नंतर आकड्यांवरून ते कळत नाही.

प्रदेशांची नावंही तपासा. घानात 2019 पासून 10 ऐवजी 16 प्रदेश आहेत. केनियात 2013 पासून 8 प्रांतांऐवजी 47 काउंट्यांचा कारभार आहे. जुनी आणि नवी नावं जोडणारा तक्ता डेटासोबतच द्या.

आमच्या प्रयोगशाळेत काही जण म्हणतात, डेटा खुला केला की श्रीमंत देशांतले गट आमच्याआधी पेपर छापतील. काय उत्तर द्यावं?

त्यांची भीती खरी आहे, ती झटकू नका. नोव्हेंबर 2021 मध्ये बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांनी कोरोना विषाणूच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराचे जनुकक्रम लगेच जगापुढे ठेवले, आणि काही दिवसांत त्यांच्याच देशांवर प्रवासबंदी आली. डेटा देणाऱ्याला शिक्षा आणि घेणाऱ्याला फायदा असंच चालत राहिलं, तर उद्या कुणी देणार नाही.

उपाय मुदतीत आणि अटीत आहे. एचथ्रीआफ्रिका या आफ्रिकी जनुकशास्त्राच्या प्रकल्पात (2012 ते 2022) डेटा गोळा करणाऱ्यांना आधी स्वतः छापायला मुदत होती आणि पुढच्या अर्जांवर समिती निर्णय घेत होती. तुम्हीही फाईल आजच जमा करून तिचा कायमचा ओळख-क्रमांक (डीओआय) घ्या, पण ती इतरांना उघडण्यावर 12 महिन्यांची बंदी लावा आणि संपण्याची तारीख जाहीर करा. बंदी बेमुदत ठेवली की तिला अर्थ उरत नाही. डेटाचं वर्णन करणारा पेपर आधी छापा, म्हणजे उल्लेख करायला काहीतरी असेल. मुलाखती घेणारे आणि प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ यांची नावंही डेटाच्या कर्त्यांत घाला. पेपरमध्ये ती बहुतेक वेळा गळतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय परवान्यात श्रेय देणं बंधनकारक असतं, सीसी-झिरोमध्ये नसतं.

डेटा एखाद्या समाजाच्या ज्ञानाबद्दल असेल, तर निर्णय प्रयोगशाळेचा एकटीचा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी समाजाने 2017 मध्ये स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. तिथे काम करायचं तर आधी त्यांच्याशी बोलणी.

ठेवायचं कुठे? आमच्याकडे इंटरनेट मधेच तुटतं.

विषयाची रिपॉझिटरी (डेटा जपून ठेवणारं ऑनलाइन भांडार) असेल तर ती आधी: प्राणी-वनस्पतींच्या नोंदी जीबिफ या जैवविविधतेच्या जागतिक भांडाराकडे, घरोघरच्या सर्वेक्षणांसाठी केप टाउन विद्यापीठाचं डेटाफर्स्ट. नसेल तर झेनोडो मोफत आहे, एका नोंदीत 50 जीबी आणि 100 फायली मावतात. चढवणं विद्यापीठाच्या शैक्षणिक जाळ्यावरून करा, म्हणजे केनियात केनेट, युगांडात रेनू, दक्षिण आफ्रिकेत टेनेट. मोठ्या फायलींचे 500 एमबीचे तुकडे करा आणि प्रत्येकाचा एसएचए-256 आकडा (फाईल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा) आधी काढून ठेवा. चढवल्यावर खाली उतरवून तो जुळतो का पाहा. अर्धवट गेलेली झिप फाईल यादीत पूर्ण फाईलसारखीच दिसते.

एकाच जागेवर मात्र विसंबू नका. एप्रिल 2021 च्या आगीत केप टाउन विद्यापीठाचं जॅगर ग्रंथालय जळालं. मार्च 2024 मध्ये आबिजानजवळ चार समुद्री केबल तुटून पश्चिम आफ्रिकेतले अनेक देश इंटरनेटविना राहिले. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकी मदत थांबली आणि डीएचएसचं काम ठप्प झालं. एक प्रत रिपॉझिटरीत, एक विद्यापीठात, एक दुसऱ्या इमारतीतल्या डिस्कवर, आणि डिस्क वर्षातून एकदा उघडून पाहायची.

खुल्या नियतकालिकात लेख छापण्यासाठी लेखकाने भरायची फी परवडत नाही. सवलत कधी मागावी?

लेख पाठवतानाच. स्वीकारल्यावर मागितली तर अनेक प्रकाशक देत नाहीत. रिसर्चफोरलाइफ या कमी उत्पन्नाच्या देशांना संशोधन-साहित्य मिळवून देणाऱ्या उपक्रमाच्या यादीतल्या देशांना पूर्ण किंवा अर्धी माफी मिळू शकते. दक्षिण आफ्रिका त्या यादीत नाही. लेखकांना फी न लावणारी नियतकालिकंही पाहा, आणि प्रकाशकाची परवानगी असेल तर स्वीकारलेली प्रत विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत ठेवा.