‘खोट्या कळा’ कोणी ठरवायच्या?

प्रश्न असा आलाय: वहिनीला सातवा महिना आहे, पोट मधूनच कडक होतं, आजी म्हणते, ‘खोट्या कळा आहेत, झोप.’ खोट्या म्हणजे काय? आणि कळा, वेणा एकच का?

वेणा हा ‘वेदना’चाच झिजलेला अवतार, पण मराठीने तो बाळंतपणासाठी राखून ठेवला. दात दुखला म्हणून कोणाला वेणा येत नाहीत. कळ मात्र कुठेही जाते: डोक्यात, दातात, पोटात. लघवीचीही कळ लागते. येते, चढते, ओसरते ती कळ. गर्भाशय आवळतं आणि सैल पडतं, तेही तसंच, त्यामुळे दवाखान्यातही ‘कळा सुरू झाल्या का?’ असंच विचारतात.

खोट्या कळांचं वर्णन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टराने १८७२ साली केलं, म्हणून वैद्यकात त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. खोट्या म्हणजे बाईचा कांगावा नव्हे! त्यांनी गर्भाशयाचं तोंड उघडत नाही, एवढाच अर्थ. बहुधा त्या अनियमित असतात, कूस बदलली की थांबतात. पण तोंड उघडतंय की नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणजे ‘खोट्या’ हा शब्द तपासणीनंतरचा, आजी तो आधीच वापरतेय. ३७ आठवडे भरण्याआधी तो घरात कोणीच वापरू नये, असं माझं स्पष्ट मत.

आपले आणखी दोन शब्द इथे घात करतात. ‘पाणमोट फुटली’ म्हटलं की धो धो पाणी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात कधी नुसतं झिरपतं आणि लघवी वाटून दुर्लक्ष होतं. दुसरा ‘अंगावरून जातंय’. पांढरं, लाल, पाण्यासारखं, सगळं या एका लाजऱ्या शब्दात झाकतं. डॉक्टरांना काय जातंय ते नेमकं सांगा.

कंबर सारखी धरते, पाळीसारखं ओटीपोट दुखतं, खाली दाब येतो, किंवा दर दहा मिनिटांनी पोट दगडासारखं होतं, यातलं काहीही असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा. पाणी किंवा रक्त गेलं तर लगेच. वाहन नसेल तर १०८. प्रसूती खरंच लवकर होणार असेल, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शनं देता येतात, पण त्यांचा पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो. तेव्हा आजीला नमस्कार करून वहिनीला आजच दाखवून आणा.