जुना लष्करी रिसीव्हर टेलिप्रिंटरला कसा जोडावा?

रत्नागिरीत आर-३९०ए हा जुना लष्करी रेडिओ रिसीव्हर आणि टेलिटाइप मॉडेल १५ हा टेलिप्रिंटर आहे, स्पीकरची तार थेट प्रिंटरला लावून काहीच छापलं जात नाही, असं तुम्ही विचारलंय. तसं छापलं जाणारच नाही. रिसीव्हरमधून दोन सूर मिळतात आणि प्रिंटरच्या मॅग्नेटला चालूबंद होणारा ६० मिलिअँपिअरचा डीसी करंट लागतो. मध्ये सुरांचं अशा करंटमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर हवाच.

रिसीव्हरचं ६०० ओहमचं ऑडिओ आउटपुट कन्व्हर्टरला द्या. हौशी रेडिओ केंद्रं दोन सुरांसाठी २१२५ आणि २२९५ हर्ट्झ, म्हणजे १७० हर्ट्झचा फरक ठेवतात. जुना लष्करी फरक ८५० होता. कन्व्हर्टर त्याप्रमाणे लावा. लूपला, म्हणजे प्रिंटरच्या मॅग्नेटमधून करंट फिरवणाऱ्या सर्किटला, साधारण १२० व्होल्ट डीसी आणि करंट बसवायला मोठ्या वॅटचा रेझिस्टर लागतो. इथे शॉक जिवावर बेतू शकतो, म्हणून ऑप्टोकपलरने (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा सुटा भाग) कन्व्हर्टर आणि लूप या दोन्ही बाजू वेगळ्या ठेवाच.

आता खरी अडचण मोटरची. तुमची मोटर अमेरिकेतल्या ६० हर्ट्झची सिंक्रोनस (विजेच्या हर्ट्झप्रमाणे वेग ठरणारी) असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर ती पाचषष्ठांश वेगानेच फिरेल. ४५.४५ बॉडऐवजी (बॉड म्हणजे सेकंदाला किती संकेत) जेमतेम ३८! बाकी सगळं बरोबर असूनही अक्षरांचा काला होईल. गव्हर्नरवाली, म्हणजे वेग स्वतः स्थिर ठेवणारी, मोटर शोधा. व्होल्टेजही तपासा, ११५ व्होल्टची असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

आणि आपली खारी हवा! कीबोर्डचे कॉन्टॅक्ट पावसाळ्यानंतर साफ करा, यंत्र झाकून ठेवा. रिसीव्हर तासभर तापू द्या, मगच ट्यून करा.