विमानात शंका आली तर: बोलायचं कधी, कुणाशी?

उड्डाणात काही वेगळं दिसलं, ऐकू आलं, वास आला, तर बोलावं की गप्प बसावं, हीच विचारणा पुन्हा पुन्हा येते. केबिन क्रूच्या सुरक्षा प्रशिक्षणात मी अनेक वर्षं काम करते आहे, त्यामुळे उत्तरं त्याच अनुभवातून.

प्रश्न: विमान वर चढत असताना मध्येच ‘टिंग’ वाजतं. काही बिघडलेलं असतं का?

बहुतेक वेळा नाही. ती क्रूसाठीची खूण असते आणि तिचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. चैन पडत नसेल तर क्रूला विचारा.

प्रश्न: उडताना आणि उतरताना खिडकीची झडप वर करायला का लावतात?

बाहेर आग, धूर किंवा पाणी आहे का, हे दार उघडण्याआधी दिसावं लागतं. आगीच्या बाजूचं दार उघडलं तर धूर आत येतो. झोपमोड झाली तरी झडप वर करा.

प्रश्न: माझी जागा पंखामागे होती. इंजिनातून ठिणग्या उडताना दिसल्या. ‘वैमानिकांना कळलंच असेल’ म्हणून मी बोललो नाही. विमान नीट उतरलं. माझं चुकलं का?

हो, चुकलं. विमान नीट उतरलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

बहुतेक प्रवासी विमानांत वैमानिकांना जागेवरून स्वतःचं इंजिन दिसत नाही. त्यांच्यापुढे काटे आणि दिवे असतात. ज्वाळा तुम्हाला दिसतात. 8 जानेवारी 1989 रोजी हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलँडच्या बोइंग 737 मध्ये डाव्या इंजिनातलं पातं तुटलं आणि वैमानिकांनी चुकून उजवं इंजिन बंद केलं. उजव्या इंजिनात बिघाड असल्याचं कॅप्टनने प्रवाशांना सांगितलंही. डावीकडची आग काही प्रवाशांनी आणि मागच्या क्रूने पाहिली होती, पण ते कॉकपिटपर्यंत पोहोचलं नाही. केगवर्थजवळ विमान कोसळलं, 47 माणसं गेली. दोनच महिन्यांनी, 10 मार्चला, कॅनडातल्या ड्रायडनमध्ये पंखांवर बर्फ असताना एक विमान उडालं आणि लगेच पडलं. 24 मृत्यू. तो बर्फ हवाईसेविकेला दिसला होता. प्रवासी म्हणून बसलेले वैमानिकही त्या विमानात होते. पुढे जाऊन कुणीही सांगितलं नाही.

म्हणून मी क्रूच्याही मागे लागते: तुम्हाला मूर्खपणाची वाटणारी शंकासुद्धा इंटरकॉमवर सांगा. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी कॉकपिटला विनाकारण त्रास द्यायचा नाही हा नियम खरा, पण सुरक्षेची गोष्ट त्यात येत नाही. आणि ‘उगाच घाबरू नका’ असं म्हणून प्रवाशाला वाटेला लावू नका, त्याच्या जागेवर जाऊन स्वतः बघा.

तुम्ही सांगताना निदान करू नका. ‘इंजिन पेटलंय’ यातून वैमानिकाला कुठलं इंजिन ते कळत नाही. ‘पुढे तोंड करून बसल्यावर डावीकडचं, मागच्या बाजूने नारिंगी ज्वाळा, दोन मिनिटं झाली, थांबून थांबून येतायत’ हे कळतं. बेल दाबा. कुणी आलं नाही तर हाक मारा. क्रू जागेवर पट्टा बांधून बसलेला असला तरी मारा.

प्रश्न: मोबाइल सीटच्या फटीत पडला. सीट पुढेमागे करून काढला तर चालेल?

अजिबात नाही. चिरडलेली लिथियम बॅटरी पेट घेते. सीटला हात न लावता क्रूला बोलवा.

प्रश्न: ‘विमानात चालते’ असं छापलेली पॉवर बँक घेतली आहे. ती चेक-इन बॅगेत ठेवू का? गरम झाली तर बर्फ लावायचा, असा मेसेज फिरतोय.

चेक-इन बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत. छापलेला दावा ही विक्रेत्याची जाहिरात आहे, तुम्ही वॅट-तास (Wh), म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते तो आकडा, बघा. साधारणपणे 100 पर्यंत परवानगी लागत नाही. 3.7 व्होल्टच्या हिशेबाने 20,000 एमएएच म्हणजे 74 वॅट-तास. आकडा छापलेलाच नसेल किंवा पुसला असेल तर ती घरी ठेवा. फुगलेली तर आणूच नका.

बर्फाचा मेसेज पुढे पाठवू नका. बर्फाखाली उष्णता कोंडते. क्रू आधी अग्निशामकाने ज्वाळा विझवतो, मग भरपूर पाणी ओततो, कारण एक सेल विझला तरी शेजारचा तापून पुन्हा पेटतो. पॉवर बँक तापतेय असं वाटल्याक्षणी सांगा. धूर दिसेपर्यंत ‘थंड होईल’ म्हणून थांबणारे मला सगळ्यात जास्त धास्तावतात. वापराचे नियम कंपन्या बदलत असतात, निघण्याआधी आपल्या कंपनीला विचारा.

प्रश्न: ऑक्सिजन मास्क खाली आले तर आधी मुलाला लावू ना?

आधी स्वतःला. 35,000 फुटांवर शुद्ध जेमतेम अर्धा ते एक मिनिट टिकते. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. फुफ्फुसाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: तातडीने बाहेर पडावं लागलं तर निदान औषधांची पर्स घ्यावी का?

नाही. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. घोषणेची यंत्रणा बंद पडली, क्रूने मेगाफोन वापरले. आग बघून आठपैकी तीनच दारं वापरली आणि त्या विमानातले सगळे 379 जण बाहेर आले. वाटेत एक बॅग अडकली तर मागची रांग थांबते. अत्यावश्यक गोळ्या, इनहेलर उडताना आणि उतरताना अंगावरच्या खिशात ठेवा. त्यात नेमकं काय हवं, ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवा.